हात कापलेली यारी

साहेब, तुम्ही माझा हात कापून नेलात. विचारलंत कुणाला? गावाला नाही, नावाड्याला नाही, नदीला तर नाहीच नाही. भर उन्हाळ्यात जीपमधून आलात, नाकाला रुमाल लावून माझ्याभोवती एक चक्कर मारलीत, "हे भंगार अजून इथं कसं?" म्हणालात आणि काच वर करून निघून गेलात. तुमचं नाव मला ठाऊक नाही. खुर्ची ठाऊक आहे. खुर्चीतला माणूस बदलत राहतो, म्हणून मी खुर्चीशीच बोलते.

पण आधी मुलांशी बोलते. मुलं ऐकून तरी घेतात.

मित्रांनो, मी एक जुनी यारी आहे. यारी म्हणजे ओझी उचलणारं लोखंडी यंत्र. हल्ली तुम्ही क्रेन म्हणता, आणि रस्त्यावर पिवळी क्रेन दिसली की सायकल थांबवून बघत राहता. माझ्याकडे मात्र आजवर कुणी सायकल थांबवून बघितलं नाही, कारण गाळातून माझ्यापर्यंत सायकल येतच नाही. इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या खालच्या अंगाला, भीमेच्या पाण्यात, जुन्या धक्क्यावर मी उभी आहे. वर्षातले बरेचसे महिने पाण्यात आणि उन्हाळ्याचे थोडे दिवस उघड्यावर.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं, आणि माझी दातेरी चाकं तयार झाली. मग उभा जाडजूड खांब, त्याला जोडलेला तिरका लांब हात, हाताच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून साखळी आणि साखळीला टांगलेली लोखंडी डोल, म्हणजे मोठी बादली. दोन माणसांनी दोन बाजूंनी दांडे फिरवले की साखळी गुंडाळायची आणि डोल वर यायची. मध्येच दम लागला तर खिटी टाकायची. ही खिटी चाकाच्या दातात बसली की भरलेली डोल अधांतरी लटकत राहायची, पण खाली यायची नाही. माझ्या अंगावर कारखान्याचं नाव उठवलेलं होतं म्हणे. मला ते कधी वाचता आलं नाही आणि आता गंजानं खाल्लं.

मला बैलगाड्यांवरून तुकड्यातुकड्यानं इथं आणलं. तेव्हा धरण नव्हतं. भीमा आपल्या मापानं वाहायची. पलीकडच्या तीराला दगडाच्या आणि चुनखडीच्या खाणी होत्या. आषाढात नदीला पाणी आलं की खाणीचा माल मोठ्या लाकडी नावांत भरून या तीराला यायचा. होळीच्या सुमाराला पाणी आटायचं आणि नावा वाळूत बसायच्या. तोवर आमचा धक्का नुसता गजबजलेला असायचा. लोक त्याला खाणधक्का म्हणायचे. नदीत घुसलेली लांब दगडी भिंत, भिंतीच्या टोकाजवळ मी, माझ्यामागे चुन्याच्या भट्ट्या, त्यांच्यामागे लहान रुळांवरच्या ढकलगाड्या आणि पार टोकाला रेल्वेकडे जाणारी गाडीवाट. आज तुम्ही ज्या जुन्या पुलांवरून आणि कालव्यांवरून जाता, त्यांतल्या कुठल्या पुलाच्या पोटात माझ्या हातून गेलेला दगड असेल, ते मी सांगू शकत नाही. पण असेल. नक्की असेल.

मला चालवायचा तो सोनबा. त्याच्या घरची मेंढरं होती. एका दुष्काळात ती गेली, तेव्हा काठी टाकून तो धक्क्यावर आला. काठी टाकली, पण मेंढक्याचं तोंड कुठं टाकणार? मेंढरं हाकताना जी हाळी द्यायचा, तीच तो मला देऊ लागला. "हुर्र हुर्र" म्हणजे उचला. "ट्च ट्च" म्हणजे सावकाश. आणि जिभेनं एक लांब "थ्थ्थो" काढला की खिटी टाका. नावेतली माणसं, दांड्यावरची माणसं, डोल भरणाऱ्या बाया, सगळा धक्का त्या मेंढ्यांच्या भाषेवर चालू लागला. पलीकडच्या खाणीवरची माणसंसुद्धा तेच शिकली. नवा मुकादम आला, आबाजी नावाचा. त्याला हे पटेना.

"सोनबा, लोखंडाला काय मेंढरू समजतोस व्हय?"

"मुकादम, मेंढरू निदान वरडतं तरी," सोनबा म्हणाला. "ही वरडली तर समजायचं, साखळी तुटली आन् खाली हुबा ऱ्हायल्याल्याचं टकुरं गेलं."

आबाजी तेव्हा नेमका माझ्या डोलीखाली उभा होता. तो चटकन बाजूला झाला. सगळा धक्का हसला. पुढं आबाजीसुद्धा "थ्थ्थो" करायला लागला, पण त्याला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. थुंकी उडायची.

डोल भरणाऱ्या बायांत बानूबाई होती. सोनबाची आणि तिची ओळख इथंच झाली. सोनबाचं लक्ष डोलीवर कमी आणि तिच्याकडे जास्त, हे सगळ्यांना दिसत होतं. एकदा डोल रिकामीच वर गेली. बानूबाई खालून ओरडली, "आरं ए मेंढक्या! डोल बगून उचल, माणूस बगून न्हाय!" त्या वर्षी होळीला नावा वाळूत बसल्या आणि त्या दोघांचं लग्न झालं. लग्नाच्या वरातीत मला कुणी नेलं नाही, मला चालता येत नाही. पण दोघं हळदीच्या अंगानं धक्क्यावर आली आणि माझ्या खांबाला हळद लावून गेली. तो दिवस मला आठवतो.

धक्क्यावर एक रिवाज होता. तो नीट ऐका, पुढं सगळं त्याच्यावरच फिरलं. माझ्या अंगाला काम करायला जो हात लावील, मग तो लोहार असो, तेल घालणारा असो नाहीतर साखळी बदलणारा असो, त्याला आधी जेवू घालायचं. उपाशी माणसाला यारीला हात लावू द्यायचा नाही. उपाशी माणसाचा हात थरथरतो, बोल्ट अर्धा आवळला जातो आणि जीव खाली उभ्या असलेल्याचा जातो. म्हणून ताट आधी, पाना नंतर. खंडेनवमीला मला चुना लावायचे, झेंडूची माळ घालायचे, आणि त्या दिवशीसुद्धा चुना लावणाऱ्यानं आधी भाकरी खाल्लेली असायची.

मग खाली धरण बांधायला घेतलं. मित्रांनो, मी धरणाला शिव्या देणार नाही. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, पोरं शिकली, घराघरांत टीव्ही आले. मी एवढंच सांगते, की पाणी कुठवर येणार हे कळल्यावर भट्ट्या थंडावल्या, रूळ उपटून नेले, खाणीवरची माणसं दुसऱ्या कामांना पांगली. मला कुणी नेलं नाही. जड होते.

पाणी चढायच्या आधी सोनबा माझ्याकडे आला. म्हातारा झाला होता. त्यानं माझा हात सावकाश फिरवला, नदीच्या बाजूला, जिथं भिंत संपते आणि खोल पाणी लागतं तिकडे वळवला. "थ्थ्थो" केलं. हात पुन्हा फिरू नये म्हणून त्याच्या सांध्यात खिटी टाकली आणि तिच्यावर असा घण घातला की ती पुन्हा कधी निघालीच नाही. बरोबर त्याचा मुलगा महिपती होता. सोनबा त्याला म्हणाला, "पाणी आलं की भित्ताड दिसायचं न्हाय. हिचा हात दिसंल. हात ज्या अंगाला, नाव त्या अंगाला. पाठीमागून गेलास तर फाटलास. ध्यानात ठिव आन् समद्यांस्नी सांग."

महिपतीनं सगळ्यांना सांगितलं. तो नावाडी झाला, मासेमारी करू लागला, शाळेची पोरं आणि बाजाराच्या बाया ने-आण करू लागला. पाणी पुरतं चढलं की धक्का बुडायचा, भिंत बुडायची, माझा खांबही बुडायचा. तिरका हात तेवढा पाण्याच्या वर. त्याच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसायचे. दोन्ही तीरांचे नावाडी लांबून माझा हात बघायचे आणि त्याच्या टोकाकडून वळायचे. सोनबा गेला. मी उरले. माल उचलायचं काम सुटलं होतं, तरी मी बेकार नव्हते, साहेब. आधी दगड सांभाळत होते, आता माणसं सांभाळत होते.

आता तुमची गोष्ट.

नव्वद साल उलटून गेलं होतं. माझ्या हाताच्या सांध्यात चीर पडली. महिपतीला ती उन्हाळ्यात दिसली. तो तुमच्या धरणाच्या कार्यालयात गेला. "यारीच्या हाताला वेल्डिंग करून द्या, चुना आमी लावतो," म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तुमचा शिपाई त्याला ओळखू लागला. "आला यारीवाला," म्हणायचा. अखेर एकदा तुमची जीप आली. तीही वैशाखात! पाणी पार खाली गेलेलं, धक्का कोरडा, गाळावर कलिंगडाचे वेल, माझ्या सावलीत शेळ्या. तुम्ही मला अशा वेळी बघितलंत, जेव्हा मला काही काम नसतं. म्हणजे बघा, शाळा सुट्टीला असताना मास्तरला घरी झोपलेला बघायचं आणि म्हणायचं, हा माणूस नुसता झोपतो.

मग थोड्या दिवसांनी ट्रक आला. ट्रकमध्ये गॅसच्या टाक्या, नळ्या, काळे चष्मे आणि रतन नावाचा मिस्त्री, त्याच्याबरोबर त्याची माणसं.

महिपती टाक्या बघून धावत सुटला. "आई! वेल्डिंगवालं आलं! आलं बग येकदाचं!" इतक्या वर्षांच्या त्याच्या खेपा फळाला आल्या होत्या. ट्रक गाळात रुतेल म्हणून अलीकडेच थांबला, तर महिपतीनं स्वतः टाकी खांद्यावर घेतली आणि माझ्यापर्यंत आणली. मित्रांनो, माझा हात कापायची टाकी सोनबाच्या पोरानं आपल्या खांद्यावरून आणली. हसत आणली. वाटेत रतनला सांगत होता, चीर कुठं आहे, कुठून चढायचं.

रतन मान हलवत चालला. त्याला वाटलं, यारी कापायची आहे हे गावाला ठाऊक असणार.

आणि बानूबाईनं काय केलं असेल? रिवाज. चूल पेटवली, वाम माशाचं कालवण केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि सगळ्यांना माझ्या सावलीत पंगतीला बसवलं.

"मावशी, आधी काम उरकतो," रतन म्हणाला.

"न्हाय बाबा. हितं आधी ताट, मंग हत्यार. माझ्या मालकाचा शिरस्ता हाय ह्यो. लाजू नगंस, कालवण घे अजून. कुठला रं तू?"

"कऱ्हाटीचा."

"मंग तर आपलाच की, शेजारच्या बारामतीकडचा! घाल रं महिपती त्येच्या ताटात येक तुकडा."

जेवले. ढेकर दिले. रतन हातावर चढला, चष्मा लावला, ज्योत पेटवली. महिपती खाली उभा राहून मान वर करून बघत होता. ठिणग्या पडू लागल्या. बराच वेळ तो खूश होता. मग बानूबाईच्याच लक्षात आलं.

"आरं, ही चीर बुजतीया का वाढतीया?"

महिपतीनं नीट बघितलं आणि बोंब ठोकली. "ए मिस्त्री! ए! उलटं काय करतुयास? थांब!"

"उलटं कशाचं?" रतन वरून म्हणाला. "कापाया पाठवलंय मला."

"कापाया? आन् आमचं कालवण रं?"

आता तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. धक्क्यावर कुणी हसलं नाही. तोवर अर्ध्याहून जास्त लोखंड कापून झालं होतं, जुनी चीर होतीच, आणि माझ्या हाताला स्वतःचं वजन पेलेना. तो कडाडला. रतन खांबाला मिठी मारून वाचला. हात धक्क्याच्या दगडांवर आडवा पडला, दोनदा उसळला आणि गप्प झाला. बानूबाई त्याच्याजवळ खाली बसली. पदरानं त्याच्यावरची राख झटकली.

रतन वाईट माणूस नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. महिपतीनं त्याला भिंतीचं, नावांचं, पोरांचं सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. "मला सांगाया पायजे हुतं तुमी," म्हणाला.

"तू इचाराया पायजे हुतं," बानूबाई म्हणाली.

दोघांचंही खरं होतं. पण त्या दोघांच्या आधी ज्यानं विचारायला पाहिजे होतं, तो पंख्याखाली बसला होता. रतननं खांब कापला नाही. "हात नेतो, न्हेल्याबिगर मला दारात हुबं करणार न्हाईत. खांबाला गॅस पुरला न्हाय म्हणून सांगतो," म्हणाला आणि ट्रक घेऊन गेला. जाताना मान खाली.

पावसाळा आला. पाणी चढलं. धक्का बुडाला, भिंत बुडाली, मी बुडाले. पाण्यावर काहीच उरलं नाही. पाणकावळे आले, घिरट्या घालून परत गेले. महिपतीनं माझ्या खांबाला लांब बांबू बांधला, त्याच्या टोकाला बानूबाईच्या लाल लुगड्याचा तुकडा लावला. वारा आला की बांबू जायचा. तो पुन्हा बांधायचा. पुन्हा जायचा.

भाद्रपदात पलीकडच्या तीराहून एक नाव निघाली. नावाडी नवा होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, यारीचा हात दिसला की टोकाकडून वळायचं. आदल्या दिवशी वाऱ्यानं बांबू नेला होता. तो बिचारा हात शोधत होता. हात दिसेना, म्हणून त्याला वाटलं, यारी अजून पुढं आहे. नसलेल्या हाताच्या भरवशावर तो वल्ही मारत राहिला आणि माझ्या तुटक्या टोकावर येऊन आदळला. फळी फाटली.

नावेत सारजा होती, बाजाराला शेळी घेऊन निघालेली. नावाडी आणि बाकीचे दोघं फुटक्या नावेला धरून तरंगले. सारजाला पोहता येत नव्हतं. ती खाली गेली आणि तिचे पाय माझ्या चाकावर टेकले. दातेरी चाकावर, ज्याच्यावरून कधी साखळी फिरायची. तिनं खांबाचं टोक मिठीत धरलं आणि ती उभी राहिली, छातीएवढ्या पाण्यात, मोकळ्या नदीच्या मध्यात. काठावरून बघणाऱ्यांना वाटलं, बाई भर खोल पाण्यात उभी आहे.

महिपती नाव घेऊन आला. "मावशे, कशावर हुबी हाईस?"

"मला काय ठावं!" तिचे दात वाजत होते. "लोखंडाचं हाय कायतरी. ह्येनंच बुडवलं आन् ह्येनंच धरलंय. माझी शेरडी बग रं कुठं हाय."

शेळी गेली होती. माणसं वाचली. मी इतकी वर्षं पाण्यात आहे, मित्रांनो, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कुणी आपल्याला अर्धवट तोडून ठेवलं, तर आपण मदत करायला उभे असलो तरी दुखापतच करतो. नावेची ती फळी मी फाडली असं लोक म्हणतात. म्हणू द्या. माझा हात जागेवर असता तर ती नाव माझ्यापासून लांबून, हसत-बोलत गेली असती.

आणि साहेब, ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली तेव्हा तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात, पाण्यातला लोखंडी खांब नावांना धोक्याचा आहे, तो मुळापासून काढा. वाहवा! खांब काढाल. भिंत काढणार आहात का? ती घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली, या तीरापासून नदीत घुसलेली भिंत? ती तर तुम्ही बघितलीच नाहीत. तिच्यावर तुमच्या जीपची सावली पडली होती त्या दिवशी.

आता पुन्हा वैशाख आहे. मी पुन्हा कोरडी उभी आहे. महिपती तुमच्या कार्यालयात जाऊन आला. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं सांगितलं. तो दुसऱ्यांदा गेला, तेव्हा साहेब जेवायला गेले होते. तो माझ्याजवळ येऊन बसला. बानूबाईही काठी टेकत आली.

"परत टाक्या घिऊन येत्याल आई," तो म्हणाला.

"येऊ देत. ह्या बारीला आधी इचारीन, कापाया आलास का जोडाया. मंग चूल पेटवीन." काठी माझ्या खांबाला टेकवून ती म्हणाली, "आन् कापायाच आला आसंल, तर मी हितंच बसल्याली आसंन. मला उचलून बाजूला ठिवायला तुझ्या बाची यारी लागंल म्हणावं."

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी खुर्चीत बसेल. तेव्हा एखादी जुनी वस्तू दिसली, तर ती काय होती हे विचारू नका, ते पुस्तकात लिहितात. ती आज काय करते आहे, हे विचारा. आणि बघायला जायचंच असेल तर पाणी भरलेलं असताना जा. मला तेल घाला, चुना लावा, नका लावू, माझं काही म्हणणं नाही. माझा हात मला परत द्या किंवा देऊ नका. मला काढा आणि तिथं दिवा लावा, बुरूज बांधा, तरंगतं पिंप बांधा, मी एका शब्दानं रडणार नाही.

पण साहेब, तुम्ही तर काहीच लावणार नाही. तुम्ही नुसतं काढणार आहात. शाळा जूनमध्ये सुरू होते. महिपतीच्या नावेत पोरं बसतात, दप्तरं मांडीवर घेऊन, आणि पाणी श्रावणात भिंतीच्या वर चढतं. महिपतीला वाट तोंडपाठ आहे. पण तो तापानं पडला, नाव दुसऱ्याच्या हातात गेली, समोरून नवा नावाडी आला, धुकं पडलं, तर पाण्याखालची भिंत कुठं आहे हे त्या पोरांच्या नावेला कोण सांगणार? कार्यालय सांगणार, असं म्हणू नका. कार्यालय पाण्यात उभं राहत नाही. माणूस सांगा. त्याचं नाव सांगा.